दैव पाचवे आहे

भोर-वेल्हे भागातल्या घरात नवी गॅसची शेगडी आली की तिला आधी हळदकुंकू लागते. सिलिंडरच्या पोटावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, नारळ फुटतो, पहिल्या आचेवर दूध नाहीतर गोडाचे काहीतरी चढते. या रिवाजात मला काही वावगे दिसत नाही. घरात अग्नी आला याची ती जाणीव आहे आणि ती टिकावी असेच मला वाटते. पण त्याच घरात, त्याच दिवशी, शेगडी कशावर मांडायची, सिलिंडर कुठे उभा करायचा, नळी किती लांबीची, तिच्यावर साल कोणते छापले आहे, याचा विचार हळदकुंकवाच्या मानाने फारच थोडा होतो. पुढे कधी वाईट घडले तर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते: वेळ आली होती. पूजा धर्माची आणि सुरक्षेचे नियम कंपनीचे, अशी वाटणी आपण मनात करून टाकली आहे. माझे म्हणणे असे की ही वाटणी आपल्याच धर्मविचाराला धरून नाही. शेगडी नियमाने बसवणे हा अग्नीच्या पूजेचाच भाग आहे, आणि ते न करता दैवाकडे बोट दाखवणे ही श्रद्धा नव्हे.

ऋग्वेदाचे पहिले सूक्त अग्नीचे आहे. ज्या परंपरेने आपल्या सर्वांत जुन्या ग्रंथाची सुरुवात अग्नीपासून केली, तिने तो घरात आणण्याची मोकळीक मात्र कोणालाही, कशीही दिली नाही. अग्न्याधान हा स्वतंत्र विधी होता. गार्हपत्याचे स्थान गोल, आहवनीयाचे चौकोनी, दक्षिणाग्नीचे अर्धगोल. त्यांच्यातली अंतरे ठरलेली, वेदीची मापे दोरीने घ्यायची, आणि ती मापे सांगायला शुल्बसूत्रे नावाचे वेगळे ग्रंथच. अग्नी कोणी ठेवायचा, त्याला रोज कोणी पाहायचे, घरधनी गावाला गेला तर मागे काय करायचे, हे सगळे बांधलेले. अग्निहोत्र घेतलेल्या माणसाला त्या कर्तव्यातून सुट्टी नसे. यावर कोणी म्हणेल की ती मापे पुण्यासाठी होती, भाजू नये म्हणून नव्हती. हेतू वेगळा होता हे मला मान्यच आहे. पण त्या सगळ्या खटाटोपामागची वृत्ती पाहा. अग्नी आपल्या सोयीने घरात येत नाही. तो जागा मागतो, माप मागतो, जाणता हात मागतो आणि रोजची देखभाल मागतो. ही वृत्ती ज्यांना वारशाने मिळाली, त्यांना सुरक्षेचे नियम परके वाटायला नकोत.

आता त्या नियमांकडेच वळू. या डोंगराळ भागातला मूळ स्वयंपाक जमिनीवरचा. चूल खाली, बाई पाटावर, सरपण हाताशी. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जिथे गॅस कधी पोहोचला नव्हता अशा घरांतही तो आला. तो आला, पण बसण्याची सवय बदलली नाही, आणि ओटा बांधायला पैसेही नसतात. त्यामुळे शेगडी चुलीशेजारी जमिनीवरच मांडली जाते आणि सिलिंडर तिच्या बाजूला, तिच्यापेक्षा उंच उभा राहतो. नियम नेमका याच्या उलट आहे: शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर, न जळणाऱ्या ओट्यावर, सिलिंडर खाली, सपाट जागी, कायम उभा, कधीही आडवा नाही. शेगडी खाली असली की बर्नरची धग सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे आणि नळीकडे जाते, आणि शेजारी चूल पेटती असेल तर ती धग आणखी वाढते. दुसरी गोष्ट गॅसच्या स्वभावाची. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. चुलीचा धूर वर जातो, कौलांतून निघून जातो, डोळ्यांना झोंबून आपण आहोत हे सांगतो. गॅस खाली बसतो, जमिनीवर पसरतो, उंबऱ्याच्या आत साठतो. हवेत तो साधारण दोन टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून वरच्या झरोक्याइतकीच जमिनीलगत हवा जायला वाट हवी. आणि इथला पावसाळा असा की वेल्ह्याच्या बाजूला झड सुरू झाली म्हणजे लोक दारे-खिडक्या लावून घेतात, वाऱ्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद ताणतात. ओल आत येऊ नये म्हणून जे करायचे, तेच गॅस बाहेर जाऊ देत नाही.

नळीवर थोडे थांबायला हवे, कारण तिच्याकडे कोणी बघत नाही. मानक चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी नळी उंदराच्या दाताला आणि उष्णतेला साध्या रबरी नळीपेक्षा खूप जास्त टिकते, पण तिलाही वय आहे. पाच वर्षे झाली की ती बदलायची, वरून कितीही धड दिसली तरी. ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी, भिंतीच्या भोकातून ओवू नये, शेगडीच्या खालून नेऊ नये. शेगडीच्या नोझलवर ती पूर्ण सरकवायची. अर्धी बसली म्हणून वर चिंधी गुंडाळून तार आवळायची नाही. सिलिंडर घेताना त्याच्या मानेभोवतीच्या लोखंडी पट्ट्या आतल्या बाजूने पाहिल्या तर एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले दिसतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि तसेच पुढे डीपर्यंत, आकडे सालाचे. त्या तिमाहीपर्यंत त्या सिलिंडरची चाचणी वैध असते, ती तिमाही उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करायचा. व्हॉल्व्हच्या तोंडात रबराचे छोटे कडे असते. ते नसले किंवा चिरलेले असले तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, गॅस झिरपतोच. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने. बुडबुडा उठला तर गळती. काडी ओढून गळती पाहणे हा प्रकार अजून होतो, आणि तो थांबायलाच हवा.

एवढे सगळे सांगितल्यावरही समोरून शांतपणे उत्तर येते: नियम पाळले तरी व्हायचे ते होतेच. हे वाक्य अडाणीपणाचे आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्यामागे दुःख पचवण्याची एक जुनी रीत आहे, आणि कोणाच्या घरी दुःख झाले असताना तिथे जाऊन नियम सांगणे क्रूरपणाचे होईल. पण ते वाक्य शोकातून उठून शेगडी बसवायच्या दिवशी येऊन बसते, तेव्हा त्याला प्रश्न विचारावाच लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. आधीची चार पाहा आणि स्वयंपाकघराकडे पाहा. अधिष्ठान म्हणजे जागा: ओटा, हवा, सिलिंडर उभा राहतो ती फरशी. कर्ता म्हणजे जोडणी करणारा आणि ती करून घेणारा. करणे म्हणजे रेग्युलेटर, नळी, व्हॉल्व्हमधले ते कडे. चेष्टा म्हणजे रात्री रेग्युलेटर बंद करणे, फेस लावून पाहणे, साल वाचणे. चारही जागी हयगय करून आपण थेट पाचव्याला जबाबदार धरतो, ही दैवावरची भक्ती कशी म्हणायची? आपल्या चुकीचा बोजा आपण देवाच्या माथी टाकतो, एवढाच तिचा अर्थ होतो.

जाणकार इथे दोन हरकती घेतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिली अशी की शंकराचार्यांपासून ज्ञानेश्वरांपर्यंतच्या परंपरेत अधिष्ठान म्हणजे देह, आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता. त्या श्लोकात ओटा आणि नळी घुसडणे बरे नव्हे. मान्य. श्लोकाचा अर्थ बदलावा असा माझा आग्रह नाही. पण तो अर्थ घेतला तरी कर्माला एकच कारण नसते आणि दैव हे त्यांतले एक आहे, हा विचार तसाच राहतो, आणि मला तेवढाच हवा आहे. दुसरी हरकत जास्त खोल आहे. त्याच ठिकाणी गीता पुढे म्हणते की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची समज कच्ची. मग तुम्ही माणसाच्या माथी एवढे कर्तेपण का मारता? यावर माझे उत्तर असे की तो उपदेश अहंकाराला आहे, हातांना नाही. "मीच सगळे करतो" हा अहंकार सोडायला सांगणारी गीता अर्जुनाला धनुष्य खाली ठेवू देत नाही. सगळे नियम पाळूनही अपघात झाला, तर तिथे माणसाने नम्र व्हावे. पाचवे कारण त्या जागेसाठी आहे. नियम पाळण्याआधीच नम्र होणे म्हणजे कामातून अंग काढून घेणे.

आणि आधी आपले काम, मग दैव, हा विचार परदेशातून आणलेला नाही, या डोंगरांतच तो घडला आहे. भोरहून वरंध घाट उतरला की पायथ्याशी शिवथरघळ आहे. दासबोधाची रचना तिथे झाली असे रामदासी परंपरा मानते. त्या ग्रंथात समर्थांनी माणसाला लागणाऱ्या मुख्य गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत. पहिली हरिकथा, दुसरी राजकारण, तिसरी सगळ्या विषयांतले सावधपण, चौथी साक्षेप, म्हणजे नेटाचा उद्योग. सावधपणाला हरिकथेच्या पंगतीत बसवणारा हा संत मारुतीची देवळे उभारत होता आणि रामाची उपासना करत होता. देवावरचा विश्वास आणि डोळे उघडे ठेवणे यांत त्याला विरोध दिसला नाही. योगवासिष्ठाने तर दैव म्हणजे आपलाच मागचा प्रयत्न, त्यापलीकडे वेगळे काही नाही, असा टोकाचा पक्ष मांडला आहे. तितके टोक मी गाठत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र भोरचे खोरे दैवावर विसंबून राहिलेले नाही. येळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते कोणाची वाट न पाहता उघडतात. पावसाळ्यात धरण भरले की लोक भिंतीकडे जातात, पाण्याला नमस्कार करतात, ओटी भरतात. नदीला देवी मानणाऱ्यांना दरवाजे हा देवीचा अपमान वाटत नाही. मग आपल्याच स्वयंपाकघरात अग्नीला देव मानताना नळीचे साल बघणे अविश्वासाचे का वाटावे?

सगळ्यांत अवघड प्रश्न नंदादीपाचा आहे. आपल्याकडे देव्हारा बहुधा स्वयंपाकघरातच असतो. लहान घरात दुसरी जागाच नसते. समई जमिनीवर किंवा पाटावर, म्हणजे जड गॅस जिथे साठतो नेमक्या त्याच उंचीवर. पहाटे घर अजून बंद असते, रात्री रेग्युलेटर चालू राहून गेलेला असतो, आणि घरातली बाई अंघोळ करून देवापुढे दिवा लावायला काडी ओढते. दिवसातला सर्वांत पवित्र क्षण आणि सर्वांत धोक्याचा क्षण इथे एकच होतो. नवरात्रात तर नऊ दिवस अखंड दीप, आणि तो विझला की घरात धस्स होते. आता गॅसचा वास आला तर काय करायचे? नियम स्पष्ट आहे: सगळ्या ज्योती, उदबत्तीसुद्धा, विझवायच्या, विजेचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवर टोपी लावायची, दारे-खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर पडून फोन करायचा. गॅसला मुळात वास नसतो. तो मुद्दाम मिसळतात, आणि पेट घेण्याइतका गॅस साठण्याच्या बराच आधी नाकाला कळावा इतका मिसळतात. म्हणजे हाती थोडा वेळ असतो. तो वेळ देवीचा दिवा विझवू की नको या घालमेलीत जाऊ नये, म्हणून उत्तर आधीच ठरलेले असले पाहिजे.

उत्तर असे की विझवावा, आणि मनात किंतु न ठेवता विझवावा. दिव्यावर फुंकर मारू नये असे थोरले सांगतात. त्या क्षणी तोही विचार नको. हे धर्माविरुद्ध आहे का? महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचे स्वतंत्र उपपर्व आहे. संकटात नेहमीचा आचार बाजूला ठेवावा लागतो, हे त्या परंपरेने न लाजता विस्ताराने सांगितले आहे. रोजच्या पूजेचा शेवट क्षमाप्रार्थनेने होतो, कारण पूजेत उणे राहणारच हे गृहीत आहे. घरात सुतक आले तर चालू व्रतही थांबते किंवा दुसऱ्याच्या हातून पुरे करतात. इतक्या खंडांना जागा देणारा धर्म पोराबाळांच्या जिवासाठी विझवलेल्या दिव्याला जागा देणार नाही, हे मला पटत नाही. अखंडतेचा संकल्प देवीपुढे करायचा तो घरच्यांचे क्षेम मागण्यासाठी. हवा मोकळी झाली, दुरुस्ती झाली, की दिवा पुन्हा लावावा. आणि त्याहून बरे म्हणजे ती वेळच येऊ देऊ नये: समई सिलिंडरपासून दूर, जमले तर भिंतीच्या पलीकडे किंवा निदान वर, पहाटे आधी खिडकी उघडावी, नाकाने अंदाज घ्यावा, मग काडी ओढावी.

वास्तूच्या आग्नेय कोपऱ्याबद्दल फार वाद घालावा असे मला वाटत नाही. आग्नेय ही अग्नीची दिशा, त्या कोपऱ्यात शेगडी असावी असे कोणाला वाटले आणि तो कोपरा हवेशीर, वारा थेट न येणारा, विजेच्या बोर्डापासून लांब असेल तर जरूर तिथे ठेवावी. पण त्याच कोपऱ्यात खिडकी असेल आणि पावसाळी वाऱ्याने ज्योत विझून गॅस तसाच वाहत राहणार असेल, तर दिशा सोडावी.

राहता राहिला पैसा, आणि ही हरकत मी सर्वांत गंभीर मानतो. ज्या घरात भरलेला सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटते, तिथे ओटा बांधा म्हणणे सोपे आहे. तरी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. नळीची किंमत एका भरलेल्या सिलिंडरच्या किमतीच्या मानाने फार थोडी, आणि ती पाच वर्षांतून एकदा. पक्का ओटा नसेल तर दगड-विटांचा, वर फरशी टाकलेला कट्टाही शेगडीला सिलिंडरच्या वर नेतो. वितरकाचेही कर्तव्य आहे: जोडणी देताना जागा पाहणे, शेगडी जमिनीवर असेल तर स्पष्ट सांगणे, सिलिंडर उतरवताना गळती तपासून दाखवणे. हे काम डोंगरातल्या वाडीत टाळले जात असेल तर ते कर्तव्यात कसूर करणे आहे, आणि ते मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पण कर्त्याच्या प्रश्नाला घरातही एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. शेगडी कुठे बसवायची हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात. नळीचे पैसे पुढच्या महिन्यावर ढकलायचे, हेही तेच ठरवतात. शेगडीपुढे मात्र सून उभी असते, सासू उभी असते, शाळेला जायच्या आधी चहा टाकणारी मुलगी उभी असते. एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने भाजायचे, आणि मग दोघांनी मिळून त्याला दैव म्हणायचे, यात अन्याय आहे. कर्म ज्याचे त्याला फळ, हे आपण मानत असू तर हयगयीचे फळ दुसऱ्याच्या अंगावर जाऊ न देणे हे त्या विश्वासातूनच येणारे पहिले कर्तव्य ठरते.

म्हणून ज्याच्या हाती घरातला निर्णय आहे त्याला माझी विनंती आहे. आज ओट्याखाली वाका आणि नळीवर छापलेले साल वाचा; पाच वर्षे उलटली असतील तर वितरकाकडून नवी घ्या. शेगडी जमिनीवर असेल तर हा पावसाळा लागायच्या आत ती उचला. रात्री रेग्युलेटर बंद करायचे काम घरातल्या एकाच्या नावावर लावून द्या, आणि गॅसचा वास आला तर देवापुढचा दिवासुद्धा विझवायचा, हे घरातल्या लहानात लहान मुलालाही सांगून ठेवा. गळती झाली तर घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा. तो क्रमांक दिवसरात्र चालू असतो.